छोटं आणि शांत गेमिंग कॅबिनेट स्वतः डिझाइन करताना काय काय करावं लागलं

या जानेवारीत कागदावर पहिला चौकोन काढला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फायनल कॅबिनेटमध्ये कॉम्प्युटर लावून झाला. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून काढते, कारण मी सुरुवात केली तेव्हा मोजमापं एकीकडे, पत्र्याचं काम दुसरीकडे आणि आवाज कसा मोजायचा हे तिसरीकडेच, असं सगळं विखुरलेलं मिळालं होतं आणि बरेच दिवस आपण नक्की कुठून हात घालायचा हेच कळत नव्हतं.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. टेबलावर मॉनिटरच्या बाजूला मावेल एवढं कॅबिनेट, आणि गेम चालू असताना हेडफोन न घालता स्पीकरवर खेळता येईल एवढी शांतता. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे, छोट्या डब्यात मोठे फॅन बसत नाहीत, छोटे फॅन जोरात फिरवावे लागतात, जोरात फिरले की आवाज. पण किती विरोधात जातात हे डिझाइनवर ठरतं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

सुरुवातीला पार्ट्स नक्की केले, कॅबिनेट नंतर. हे उलट करू नका असं मनापासून सांगेन. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड म्हणजे १७० × १७० मिमी, हा आकार व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणला आणि तो आजही तोच आहे, त्यामुळे त्याची काळजी नाही. पॉवर सप्लाय एसएफएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, घेतला, १२५ × १०० × ६३.५ मिमी. (एसएफएक्स-एल पण असतो, तो १३० मिमी खोल असतो, फॅन मोठा असल्यामुळे शांत असतो पण माझ्या मांडणीत केबल वळवायला जागाच उरत नव्हती.) प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला, त्यावर ६७ मिमी उंचीचा कूलर, आणि ग्राफिक्स कार्ड २०० वॉटचं, अडीच स्लॉट जाडीचं.

कार्डाची मापं कंपनीच्या पानावरून घेऊन थांबू नका, व्हर्निअरने स्वतः मोजा. लांबी कधी ब्रॅकेट धरून दिलेली असते कधी न धरून, आणि उंचीचं तर विचारूच नका. पीसीआय एक्सप्रेस कार्डाची ठरलेली उंची १११ मिमीच्या आसपास आहे पण आजची बरीचशी कार्डं १३० च्या वर जातात, त्यावर पॉवर केबलचा कनेक्टर आणि त्याचं वळण वेगळंच. माझ्या कार्डाला साधा ८ पिनचा कनेक्टर आहे, पण तुमच्याकडे नवीन १६ पिनवाला असेल तर कनेक्टरपासून निदान ३५ मिमी केबल सरळ जायला हवी असं सांगितलेलं असतं, ती जागा पहिल्या दिवशीच ड्रॉइंगमध्ये धरून ठेवा, नंतर कुठूनच काढता येत नाही.

मांडणी सँडविचची घेतली, म्हणजे मधे एक पत्रा, एका बाजूला मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. डॅन ए४-एसएफएक्स या कॅबिनेटने हीच मांडणी ७.२ लिटरमध्ये बसवली आहे, आणि दुसरीकडे एनकेस एम१ हे नेहमीच्या मांडणीचं १२.६ लिटरचं कॅबिनेट. मला या दोघांच्या मधलं काहीतरी हवं होतं. सँडविच निवडायचं खरं कारण मात्र आकार नाही, हवा आहे. यात प्रोसेसरचा कूलर एका बाजूच्या जाळीतून बाहेरची ताजी हवा घेतो, कार्ड दुसऱ्या बाजूच्या जाळीतून घेतं, दोघंही एकमेकांची गरम हवा ओढत नाहीत, आणि वर लावलेले दोन १२० मिमीचे पातळ, १५ मिमी जाडीचे फॅन गरम झालेली हवा वरून बाहेर टाकतात. कोणता पार्ट कुठली हवा घेणार आणि ती कुठून बाहेर जाणार हे मी कागदावर बाण काढून ठरवलं आणि मगच भिंती काढल्या.

बेरीज करून आकार आला १५५ × २१५ × ३३० मिमी, म्हणजे ११ लिटरला अगदी टेकलेला.

फेब्रुवारीत पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. हे बालिश वाटेल पण करा, खर्च जवळपास शून्य आणि सीएडीमध्ये (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये) न दिसणाऱ्या गोष्टी हाताला लगेच कळतात: स्क्रूड्रायव्हर आत जातो का, २४ पिनची केबल कुठे दुमडते, कार्ड आत सरकवताना कुठला कोपरा अडतो. मदरबोर्डची मोठी केबल तर पुठ्ठ्यातच इतकी फुगत होती की पॉवर सप्लाय मी तेव्हाच १२ मिमी पुढे सरकवला. त्याच सुमारास छोट्या लांबीच्या केबल मागवल्या, त्या यायला तीन आठवड्यांच्या वर लागले, तेव्हा हे काम आधीच सुरू करून ठेवा.

मग सीएडी. मी फ्रीकॅड वापरलं, त्यात शीट मेटलसाठी वेगळं ॲड-ऑन आहे, ते पत्रा वाकवलेला दाखवतं आणि तोच उलगडून सपाटही करून देतं. शिकायला महिनाभर गेला. शिकताना मनात एक भीती सतत होती की आपण इंजिनिअर नाही, फॅब्रिकेशनवाला ड्रॉइंग बघून परत पाठवेल. परत आलंच, पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पुढे सांगते.

जाळीचं गणित मला फार आवडलं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गोल भोकं एकाआड एक मांडली की मोकळी जागा किती टक्के ते काढायचं सूत्र सोपं आहे: भोकाचा व्यास भागिले दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ९०.७. म्हणजे ३ मिमीची भोकं ४ मिमी अंतरावर घेतली तर ५१ टक्के मोकळं, ४ मिमीची ५ मिमीवर घेतली तर ५८ टक्के. षटकोनी भोकं घेतली तर आणखी वाढतं, ५ मिमीचा षटकोन आणि मधे १ मिमीची पट्टी ठेवली तर ६९ टक्क्यांच्या पुढे जातं. मी षटकोनी घेतली. एक लक्षात ठेवा, लेझर कटिंगचा खर्च मुख्यतः कापायच्या एकूण लांबीवर आणि भोकांच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे बारीक बारीक हजारो भोकं दिसायला छान पण पैसे तिथेच जातात. माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये दोन्ही बाजूंच्या जाळ्यांचा खर्च बाकीच्या सगळ्या पत्र्यापेक्षा जास्त होता. मग जिथे फॅन आहे तिथेच जाळी ठेवली आणि बाकीचा पत्रा कोरा ठेवला, खर्च तर उतरलाच पण हवाही जिथून यायला हवी तिथूनच यायला लागली.

एप्रिलमध्ये धातूच्या आधी एक स्वस्त नमुना केला, ३ मिमी एमडीएफ लेझरने कापून घेतलं आणि कोपरे थ्रीडी प्रिंट केले. प्रिंट पीईटीजी या प्लास्टिकमध्ये काढले, पीएलए प्लास्टिक साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, ग्राफिक्स कार्डाशेजारी ते नकोच. या नमुन्यात कॉम्प्युटर खरोखर चालवला. टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या जाळीसमोर धरल्या की हवा आत ओढली जातेय की बाहेर येतेय हे लगेच दिसतं, आणि एका ठिकाणी पट्टी बाहेर उडाली जिथे ती आत ओढली जायला हवी होती. मधल्या पत्र्याच्या खालच्या फटीतून कार्डाची गरम हवा मदरबोर्डच्या बाजूला येत होती. फट फोमच्या पट्टीने बंद केली आणि मदरबोर्डच्या पाठीमागे असलेल्या एसएसडीचं तापमान ७ डिग्रीने उतरलं.

मे महिन्यात फॅब्रिकेशनची चौकशी सुरू केली. तिघांकडे फाइली पाठवल्या. काय पाठवायचं ते सांगते: प्रत्येक पार्टची स्टेप (थ्रीडी) फाइल, उलगडलेल्या पत्र्याची डीएक्सएफ (सपाट ड्रॉइंगची) फाइल, आणि एक पीडीएफ ड्रॉइंग ज्यावर धातू, जाडी, बेंडची दिशा, आतली त्रिज्या, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल), टॅप (भोकातले आटे) कुठे आणि कोणता, फिनिश काय, हे सगळं लिहिलेलं असेल. पीडीएफ नसेल तर कोटेशन येतच नाही किंवा येतं ते अंदाजपंचे. स्क्रूच्या बाबतीत विशेष सांभाळा, पॉवर सप्लायला ६-३२ इंची आटे लागतात, एसएसडीला एम३, आणि हे दोन्ही इतके सारखे दिसतात की ड्रॉइंगवर प्रत्येक भोकाशी वेगळं लिहायलाच हवं.

एकाकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने दहा नगांच्या खाली करत नाही असं कळवलं. तिसऱ्याने आधी शंकांची यादी पाठवली आणि मला तीच सगळ्यात चांगली खूण वाटली, कारण त्याने ड्रॉइंग खरंच वाचलं होतं. त्याचं म्हणणं होतं की दोन भोकं बेंडच्या फार जवळ आहेत, वाकवताना ती लांबट होतील. साधारण नियम असा की बेंडपासून भोकाच्या कडेचं अंतर पत्र्याच्या जाडीच्या अडीच पट अधिक बेंडची त्रिज्या एवढं तरी असावं. तसंच बाहेरच्या पॅनलला मी ६०६१ ॲल्युमिनियम लिहिलं होतं, त्याने ५०५२ सुचवलं, कारण ६०६१ टी६ छोट्या त्रिज्येत वाकवताना तडकतं. सुधारलेलं ड्रॉइंग पाठवलं, रिव्हिजन नंबर बदलून पाठवलं (हे महत्त्वाचं, दोन्ही बाजूंना कोणती फाइल चालू आहे हे कळायला हवं), मग ॲडव्हान्स, मग वाट बघणं. सांगितले होते तीन आठवडे, लागले सहा, मधे पावडर कोटिंगवाल्याची बॅच भरेना म्हणून काम अडून होतं. एका नगाला सेटअपचा खर्च पूर्ण बसतो, म्हणून मी सुरुवातीला दोन संच सांगितले, दुसरा संच कोटिंग न करता कच्चा ठेवायला सांगितला. तो पुढे भोकं वाढवून बघायला, कापायला फार कामी आला.

धातू कोणता घ्यायचा यावर मी बराच विचार केला होता. पॅनलचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, त्यामुळे १.५ मिमी ॲल्युमिनियम आणि १ मिमी स्टील ताठपणात जवळपास सारखेच निघतात, पण स्टीलचं वजन दुपटीच्या जवळ जातं. वजन जास्त म्हणजे पॅनल सहज थरथरत नाही. म्हणून आतला सांगाडा स्टीलचा, बाहेरची पॅनलं ॲल्युमिनियमची असं ठरलं, आणि पॅनलच्या मोकळ्या मध्यभागी आतून ब्यूटिल डॅम्पिंगचा छोटा तुकडा. पूर्ण पॅनलला लावायची गरज नाही, बोटाने टकटक करून बघा, तुकडा लावल्यावर टणटण जाऊन ठक्क आवाज येतो, तेवढं पुरतं. आवाज शोषणारा स्पंजसारखा फोम मात्र एवढ्या छोट्या कॅबिनेटमध्ये मी लावला नाही, तो जागा खातो आणि हवा अडवतो आणि मग फॅनच जोरात फिरायला लागतात.

जुलैच्या अखेरीस पार्सल आलं. काळा रंग (रंगाचा नंबर आरएएल ९००५), बारीक खरखरीत फिनिश, बघून खूप आनंद झाला. कोटिंगचा थर ८० मायक्रॉनच्या आसपास असतो, ऐकायला काहीच नाही, पण जोडातली पत्र्याची जीभ दोन्ही बाजूंनी जाड होते आणि खाच दोन्ही बाजूंनी अरुंद, म्हणजे एका जोडावर ०.३ मिमीपेक्षा जास्त जागा जाते. मी ०.५ मिमीची फट ठेवली होती म्हणून सगळं हाताने बसलं. कोटिंग वीज वाहू देत नाही, तेव्हा स्टँडऑफच्या (मदरबोर्ड ज्यांवर बसतो त्या खुंट्यांच्या) भोवती आणि पॉवर सप्लाय जिथे टेकतो तिथे मास्किंग करून घ्या, आणि कॉम्प्युटर लावण्याआधी मल्टीमीटरने मागच्या सॉकेटच्या अर्थ पिनपासून प्रत्येक पॅनलपर्यंत तपासा. माझ्याकडे सगळीकडे एक ओहमच्या आत आलं, एका साइड पॅनलला सोडून, तिथे स्क्रूखाली दातेरी वॉशर घातल्यावर तेही आलं. याला पाच मिनिटं लागतात, टाळू नका.

आता आवाज. ऑगस्ट आणि सप्टेंबर सगळा यातच गेला.

मोजायची पद्धत आधी पक्की केली: रात्री, खिडक्या बंद, पंखा बंद, मीटर ट्रायपॉडवर कॅबिनेटच्या समोर ५० सेंमीवर, नेहमी त्याच जागी. फोनमधल्या ॲपवर आकड्यासाठी विसंबू नका, बरेच फोनचे माइक ३० डेसिबलच्या खाली काही धड सांगत नाहीत, पण दोन अवस्थांमधला फरक बघायला आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला टोक येतंय ते बघायला फोन उत्तम. खोलीचा स्वतःचा आवाज वजा करायला विसरू नका. खोली ३० डीबीए (माणसाच्या कानाप्रमाणे जुळवलेले डेसिबल) आणि कॉम्प्युटर चालू असताना ३३ आला तर कॉम्प्युटर एकटा ३० आहे, ३ नाही, डेसिबलची वजाबाकी साधी होत नाही. तापमानाचंही तसंच, नुसता आकडा लिहू नका, खोलीपेक्षा किती वर ते लिहा, नाहीतर ऑगस्टची चाचणी आणि ऑक्टोबरची चाचणी यांची तुलनाच होत नाही. आणि प्रत्येक चाचणी निदान अर्धा तास चालू द्या, छोटं कॅबिनेट हळूहळू तापतं, पहिल्या दहा मिनिटांचे आकडे फार सुंदर असतात.

गेम चालू असताना मीटर ३८ दाखवत होता, हा आकडा काही भयंकर नाही, पण त्यात एक घूं असा सूर होता जो बंद दरवाजाच्या पलीकडेही कानाला लागायचा. फोनवर स्पेक्ट्रम लावला तर २२५ हर्ट्झला टोक. प्रोसेसरच्या फॅनला ९ पाती आणि तो १५०० आरपीएमवर फिरत होता, १५०० गुणिले ९ भागिले ६० म्हणजे बरोबर २२५. म्हणजे हा पात्यांचा सूर होता. फॅन मोकळ्या हवेत धरला तर सूर जवळजवळ नाहीसा, कॅबिनेटमध्ये लावला की हजर. कारण फॅन आणि साइड पॅनलच्या जाळीत जेमतेम ३ मिमी अंतर होतं. नळाचं तोंड बोटाने अर्धं दाबलं की पाणी जसं फुसफुसत तुटक येतं तसंच जाळीच्या पट्ट्यांमधून येणाऱ्या हवेचं होतं, आणि प्रत्येक पातं त्या तुटक हवेला कापत जातं. हवा ओढणाऱ्या बाजूचा अडथळा हवा फेकणाऱ्या बाजूपेक्षा कानाला जास्त त्रास देतो, हे तेव्हा प्रत्यक्ष ऐकलं.

मग अंतर किती हवं ते शोधायला साइड पॅनलच्या स्क्रूंखाली एक एक वॉशर वाढवत गेले आणि प्रत्येक वेळी ऐकलं, मोजलं. ५ मिमीला सूर मवाळ झाला, ८ मिमीला बाकीच्या हवेच्या आवाजात मिसळून गेला, त्याच्या पुढे फारसा फरक नाही. पण तापमान वाढलं! कारण आता त्या फटीत कॅबिनेटमधली गरम हवा शिरून फॅन तीच परत ओढत होता. कूलरच्या फॅनभोवती मऊ फोमची चौकट लावली, जाळीपर्यंत टेकणारी, म्हणजे फॅनला फक्त बाहेरचीच हवा मिळेल अशी, आणि प्रोसेसर आधीच्या ३ मिमीवाल्या अवस्थेपेक्षाही ५ डिग्री थंड झाला, त्यामुळे फॅन आणखी हळू फिरवता आला. फॅनचा वेग २० टक्के उतरवला की आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो, अर्धा केला तर १५ ने, त्यामुळे एक एक डिग्री इथे मोलाची आहे.

वरच्या फॅनना आणि जाळीला पण तसंच ८ मिमी अंतर द्यायचं ठरवलं, त्यासाठी उंची २१५ वरून २२३ करावी लागली आणि साइड पॅनलला प्रोसेसरच्या बाजूने ५ मिमीचा फुगवटा. घनफळ साडेअकराच्या पुढे गेलं. ११ लिटरचा आकडा सोडताना जिवावर आलं, पण कॅबिनेट टेबलावर ठेवल्यावर तो फरक डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना मात्र लगेच कळतो.

ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट २०० वरून १६० वॉटवर आणली आणि थोडं अंडरव्होल्ट केलं, म्हणजे व्होल्टेज कमी केलं, फ्रेम चार टक्क्यांनी कमी झाल्या, कार्डातल्या कॉइलची चिरचिरही बरीच उतरली. ज्या गेममध्ये मेनूला सेकंदाला हजारभर फ्रेम जातात तिथे फ्रेम कॅप (फ्रेमवर मर्यादा) लावल्यावर ती पूर्ण गेली. फॅन कर्व्हमध्ये (कोणत्या तापमानाला फॅन किती वेगात फिरेल त्या सेटिंगमध्ये) वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवा, सतत वरखाली होणारा फॅन एकसारख्या फिरणाऱ्या फॅनपेक्षा जास्त त्रास देतो. रायझर पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची (जेन ४) घेतली होती, तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरमधल्या चुकांच्या) नोंदी आठवडाभर तपासल्या, एकही नव्हती. तुमच्याकडे जुनी जेन ३ केबल असेल आणि स्क्रीन काळी होत असेल तर आधी बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर टाकून बघा.

ऑक्टोबरमध्ये सुधारित रिव्हिजनचा पत्रा करायला टाकला. या वेळी शंका कमी आल्या, चार आठवड्यांत मिळाला, आणि सांगाडा तोच राहिल्यामुळे फक्त वरचं आणि बाजूचं पॅनल नवीन, खर्च पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. थ्रीडीमार्क टाइम स्पाय या ग्राफिक्स चाचणीची स्ट्रेस टेस्ट वीस फेऱ्यांची असते आणि ९७ टक्के स्थिरता लागते, ती पास झाली. गेम चालू असताना आता ३३ डीबीए, प्रोसेसर खोलीपेक्षा ४२ आणि कार्ड ४० डिग्रीने वर. नुसतं ब्राउझिंग करताना मीटरला कॉम्प्युटर आणि रिकामी खोली यातला फरक कळत नाही.

डस्ट फिल्टर अजून बाकी आहे. मॅग्नेटची बारीक नायलॉन जाळी लावून बघितली तर प्रोसेसर ४ डिग्रीने वाढला, थोडी मोठ्या छिद्रांची जाळी मागवली आहे. तुम्ही फिल्टर लावणार असाल तर सगळ्या चाचण्या तो लावूनच करा, आणि फॅनपासूनचं अंतर धरताना फिल्टरची जाडीही त्यात धरा.